उजेडाची वही

वाचकहो, रविवारी दुपारी जेवणं आटोपली की आपल्या घराघरांतून टी.व्ही. लागतो. दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसं दाटीवाटीने बसतात आणि सिनेमा सुरू होतो. पडद्यावर खिडकीतून कोवळं ऊन येतं, नायिकेच्या गालावर पडतं. आजी म्हणते, “किती गोड दिसतेय पोरगी!” त्या वेळी एक गोष्ट कुणाच्या ध्यानात येत नाही. ते ऊन सूर्याचं नसतं. खिडकीबाहेर पाच-सात किलोचा दिवा स्टँडवर चढवून, त्याच्यापुढे पिवळा कागद लावून, घामाने निथळत एक माणूस उभा असतो. त्याचं नाव पडद्यावर क्वचितच येतं, आणि आलंच तर ते वाचायला कुणी थांबत नाही.

या माणसाला आपल्या भाषेत लाईटमन म्हणतात. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांतली मुलं गोरेगावच्या चित्रनगरीत आणि मढ, मीरा रोडच्या बंगल्यांवर हे काम करतात. कुणी रोजावर, कुणी महिन्यावर. काम अंगमेहनतीचं, वेळी-अवेळीचं आणि धोक्याचं. पण ते नुसतं अंगमेहनतीचं नाही, त्याला डोकंही लागतं. हे आम्हाला उशिरा कळलं, आणि कळलं ते एका वहीमुळे. त्या वहीची हकीकत आज कुटुंबाच्या पानावर सांगावीशी वाटते, कारण ती घरातच लिहिली गेली. आणि ज्या हाताने लिहिली, त्या हाताने कधी दिव्याला स्पर्शसुद्धा केला नव्हता.

वही कशी सुरू झाली?

आमच्या शेजारच्या चाळीत एक वृद्ध जोडपं राहतं. सगळी वस्ती त्यांना मामा-मामी म्हणते, आम्हीही तेच म्हणतो. मामांनी १९७४ साली लाईटच्या कामाला हात घातला आणि २०१२ साली ते घरी बसले. त्यांच्या उमेदीच्या काळात कार्बनचे आर्क दिवे होते. दिव्यात कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर असत, त्यांच्यामध्ये ठिणगी पेटत राहायची आणि तिचा पांढराशुभ्र उजेड पडायचा. कांड्या जळून आखूड होत, त्या सारख्या पुढे सरकवाव्या लागत, संपल्या की बदलाव्या लागत. धूर व्हायचा. स्टुडिओच्या छताखाली टांगलेल्या तराफ्यावर बसून मामा तासन् तास त्या दिव्याची निगा राखायचे. आजही त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं.

१९८२ सालची गोष्ट. एका चित्रपटातला बैठकीच्या खोलीचा सीन अर्धा झाला आणि नटाच्या तारखा संपल्या. पंधरा दिवसांनी तोच सेट पुन्हा लावला. कॅमेरामन म्हणाले, “मागच्या वेळी लावले होते तसेच दिवे लावा.” पण मागच्या वेळी दिवा किती उंचीवर होता, किती पावलांवर होता, त्याच्यापुढे कोणता कागद होता, हे कुणालाच सांगता येईना. एक जण म्हणे डावीकडे, दुसरा म्हणे उजवीकडे. अर्धी पाळी वाया गेली. साहेबलोकांनी सगळा राग लाईटमनवर काढला आणि मामांचा त्या दिवसाचा रोज कापला गेला.

मामा रात्री घरी आले ते न बोलता बसले. मामींनी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. मामी सातवी शिकलेल्या. मामांची शाळा दुसरीतच सुटलेली. सही करता यायची, बाकी लिहिणं जड जायचं. मामी म्हणाल्या, “अहो, तुम्हाला लिहिता येत नाही, पण सांगता तर येतं ना? सांगा, मी लिहिते.” पोराच्या शाळेची एक अर्धी कोरी वही घरात पडली होती. तिच्या मागच्या बाजूने मामींनी पहिली नोंद केली. तारीख, सेट, कोणता दिवा, किती पावलांवर, छातीच्या उंचीला की डोक्याच्या वर, पुढे कागद होता का, आणि शेवटच्या ओळीत, आज काय चुकलं.

तेव्हापासून हा शिरस्ता पडला. मामा रात्री बाराला येवोत की पहाटे चारला, चहाचा कप हातात घेऊन ते सांगत आणि मामी लिहीत. अशा अकरा वह्या झाल्या. मामी हसत म्हणतात, “मी कधी स्टुडिओ बघितला नाही बाबा. पण कुठल्या हिरॉईनला कुठून लाईट मारायचा ते मला झोपेतसुद्धा विचारा.”

मोठ्या माणसांनीही हेच केलं

कुणाला वाटेल की ही अडाणी माणसांची युक्ती, शिकलेल्यांना अशा वह्यांची काय गरज? तर सिनेमाच्या इतिहासातला एक खरा दाखला ऐका.

फ्रान्सचे नामवंत दिग्दर्शक जाँ रेन्वार हे ‘द रिव्हर’ हा चित्रपट करायला बंगालमध्ये आले होते. तो १९५१ साली पडद्यावर आला. त्या शूटिंगवर काम मिळावं म्हणून सुब्रत मित्र नावाचा एक बंगाली तरुण गेला. काम मिळालं नाही, पण बघायची परवानगी मिळाली. दुसरा कुणी असता तर नटनट्या बघून घरी गेला असता. हा तरुण रोज कागद-पेन्सिल घेऊन बसू लागला. दिवे कुठे ठेवले, कॅमेरा कुठून कुठे सरकला, माणसं कुठून कुठे चालली, याची चित्रं काढून बाजूला टिपणं करू लागला. पुढे अशी वेळ आली की, आधीच्या शॉटचा उजेड नव्या शॉटला जुळतो की नाही हे ताडून पाहण्यासाठी खुद्द त्या चित्रपटाचे कॅमेरामन क्लोद रेन्वार यांनी या पोराची टिपणं मागवली! ज्याला काम नाकारलं होतं, त्याचीच वही कामाला आली.

याच सुब्रत मित्रांनी पुढे सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ (१९५५) चित्रित केला. त्याआधी त्यांनी सिनेमाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. नंतर ‘अपराजितो’ (१९५६) आला. त्यात काशीच्या एका घराचं अंगण दाखवायचं होतं. पावसाच्या भीतीने तो सेट उघड्यावर न बांधता कलकत्त्याच्या स्टुडिओत बांधावा लागला. आता काशीच्या गल्लीतल्या अंगणात ऊन थेट उतरत नाही, वरच्या आभाळातून मऊ उजेड झिरपतो, त्याला ठळक सावली नसते. स्टुडिओतले दिवे तर थेट मारणारे, प्रत्येक वस्तूच्या दोन-दोन, तीन-तीन सावल्या पाडणारे. मित्रांनी सेटच्या वर पांढरं कापड ताणून बांधलं, दिव्यांचा झोत माणसांवर न टाकता त्या कापडावर टाकला आणि तिथून परतून येणारा मऊ उजेड अंगणात उतरवला. बघणाऱ्याला ते खरंच उघड्या आभाळाखालचं अंगण वाटलं. आज लग्नाच्या फोटोवालासुद्धा पांढऱ्या छत्रीवर उजेड मारून फोटो काढतो. आपल्याकडच्या सिनेमात ती वाट या कापडाने रुळवली.

दुसरा दाखला व्ही. के. मूर्ती यांचा. गुरुदत्त यांच्या ‘कागज के फूल’ (१९५९) या चित्रपटात रिकाम्या स्टुडिओत वरून एक मोठा तिरपा झोत उतरतो आणि दोन माणसं त्या झोतात समोरासमोर येतात. तो झोत दिव्याचा नव्हता. मोठ्या आरशांनी बाहेरचं ऊन परतवून आत आणलं होतं. दिव्यापेक्षा आरसा किती स्वस्त! पण कुठल्या वेळी ऊन कुठे असतं, आरसा किती कलता ठेवायचा, हे ज्याने निरखलं असेल त्यालाच ते सुचतं. मूर्ती यांना २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले कॅमेरामन.

आणि तिसरा दाखला तर आपल्याला अधिक जवळचा. डॉ. जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा २००० सालचा चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे, काहींनी तर विहारात पडदा बांधून सामुदायिक पाहिला आहे. त्याचे कॅमेरामन होते अशोक मेहता. कोवळ्या वयात ते मुंबईला आले, स्टुडिओत पडेल ते काम केलं आणि बघत बघत, शिकत शिकत कॅमेऱ्यापर्यंत पोहोचले. ‘३६ चौरंगी लेन’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सामान उचलणाऱ्याने सामान का उचलतो हे समजून घेतलं, की तो कुठवर जाऊ शकतो याचा हा पुरावा आहे.

वहीतली काही पानं

मामींच्या परवानगीने आम्ही त्या वह्या चाळल्या. शाई फिकी झाली आहे, काही पानांवर चहाचे डाग आहेत. पण मजकूर असा की, शिकवणीच्या वर्गात ऐकावा.

एका पानावर लिहिलंय : “दिवा दहा पावलांवरून वीस पावलांवर नेला. उजेड अर्धा होईल वाटलं. पाव झाला.” हा विज्ञानाचा नियमच आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. मामींनी तो आपल्या परीने समजून घेतला आहे. त्या म्हणाल्या, “एका गोळ्याची पोळी लाटली. तोच गोळा दुप्पट रुंद लाटला, तर पोळी अर्धी पातळ होत नाही, चौपट पातळ होते. उजेड पण तसाच पसरतो.” विज्ञानाचा नियम पोळपाटावर असा समजावून देणारी शिक्षिका आम्हाला शाळेत मिळाली असती तर किती बरं झालं असतं!

दुसरं पान : “नवा हॅलोजन बल्ब उघड्या हाताने बसवला. दुपारी फुटला. साहेब ओरडले.” त्याखाली आठ दिवसांनी लिहिलंय : “कापडाने धरून बसवला. टिकला.” बोटांचं तेल त्या काचेला लागतं, दिवा तापला की तेवढीच जागा जास्त तापते आणि काच तडकते. हे कुणी पुस्तकात वाचून सांगितलं नव्हतं. दोन नोंदी शेजारी आल्या म्हणून कळलं.

तिसरं पान : “केबलचं वेटोळं तसंच ठेवून दिवा लावला. वेटोळं गरम झालं, वास आला.” केबल गुंडाळलेली असली की तिची उष्णता बाहेर पडत नाही, आतल्या आत वाढत जाते. म्हणून मोठा दिवा लावताना केबल पूर्ण सोडून पसरावी लागते. वाचकहो, हे पान आपल्या प्रत्येक मंडळाच्या कार्यकर्त्याने वाचण्याजोगं आहे. १४ एप्रिलला आपण मंडप घालतो, हॅलोजन लावतो, स्पीकर लावतो आणि लांब एक्स्टेन्शनचं वेटोळं स्टेजखाली सरकवून देतो. वर सतरंजी, खाली वेटोळं. आग लागायला आणखी काय हवं?

विजेचा हिशेबही वहीत आहे. वॅटला व्होल्टने भागलं की अँपियर निघतात. दोन हजार वॅटचा एक दिवा २३० व्होल्टवर सुमारे नऊ अँपियर खेचतो. म्हणजे पंधरा अँपियरच्या प्लगवर असा एकच दिवा चालेल, दोन लावले की सतराच्या पुढे जाईल आणि वायर तापेल. मामा हा भागाकार बोटांवर करतात. दुसरीतून शाळा सुटलेला माणूस!

सावळ्या चेहऱ्याचा प्रश्न

एका नोंदीपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. १९९३ सालची आहे. “आज पोरगी सावळी होती. साहेब म्हणाले, पावडर लावा, अजून लाईट मारा. मारला. पोरगी राखेसारखी दिसली. बिचारी रडली.”

यामागे फार मोठा इतिहास आहे. रंगीत फिल्म परदेशात तयार झाली, तीही गोऱ्या कातडीचा हिशेब धरून. रंग बरोबर छापले गेले की नाही हे ताडायला प्रयोगशाळांना कोडॅक कंपनी एका गोऱ्या बाईचा फोटो असलेलं कार्ड देत असे. ती बाई बरोबर दिसली की सगळं बरोबर, असं मानलं जायचं. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेलं कार्ड निघायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. म्हणजे चूक त्या सावळ्या पोरीच्या चेहऱ्यात नव्हतीच. माप घेणारी पट्टीच तिच्यासाठी बनवलेली नव्हती.

मग उपाय काय? तोही वहीतच सापडला. पुढच्याच वर्षीची नोंद : “पावडर नको म्हटलं बाईंनी. मोठं पांढरं कापड बाजूला धरलं, दिवा कापडावर मारला. मागून थोडा दिला. पोरगी छान दिसली. कातडी चमकली.” सावळ्या कातडीवर उजेड नुसता बसत नाही, तो तिथून चमकून परततो. त्यामुळे समोरून झोत मारण्यापेक्षा बाजूने मोठा, मऊ उजेड दिला आणि मागून कडेला एक रेघ दिली की चेहरा उठून दिसतो. पांढरी पावडर मात्र ही चमक मारून टाकते.

नागराज मंजुळे यांचे ‘फँड्री’ (२०१३) आणि ‘सैराट’ (२०१६) आले, तेव्हा उन्हात रापलेले चेहरे आपल्या खऱ्या रंगात पडद्यावर मधोमध उभे राहिले. आपल्या मुलांनी ते पाहिले आणि आरशात पाहिल्यासारखे वाटले. चेहरा कुणाचा दाखवायचा हे दिग्दर्शक ठरवतो. पण तो चेहरा मान ठेवून दाखवणं लाईटवाल्याच्या हातात असतं, हे आपण विसरू नये.

जे पान वाचलं नाही, त्याची किंमत

आता आम्हाला एक दुःखाची गोष्ट सांगायची आहे. मामांचा मुलगाही लाईटच्याच कामाला आहे. बारावी शिकलेला, हुशार, हाताखाली पाच-सहा मुलं. त्याच्या काळात एल.ई.डी.चे दिवे आले. वीज थोडी, उजेड भरपूर, तापणंही कमी, बटण फिरवलं की पांढऱ्याचा पिवळा. मुलगा म्हणायचा, “बाबा, तुमच्या वह्या आता म्युझियमला द्या. तुमचे दिवे गेले, तुमच्या वह्याही गेल्या.” मामा ऐकून घ्यायचे. मामींनी वह्या ट्रंकेत ठेवून दिल्या.

२०१९ साली पावसाच्या सीनचं रात्रीचं शूटिंग होतं. नळ्यांतून पाणी पाडत होते. केबलचा एक जोड जमिनीवर तसाच पडून होता आणि पाणी हळूहळू तिथवर आलं. एकोणीस वर्षांचा एक मुलगा, कामावर लागून दोन महिनेही झाले नव्हते, ओल्या चपलांनी स्टँड सरकवायला गेला. त्याला जबर शॉक बसला. कुणीतरी धावत जाऊन मेन बंद केला म्हणून तो वाचला. हात भाजला होता. दहा दिवस तो दवाखान्यात होता. त्याच्या आईने रोज दवाखान्याच्या पायरीवर बसून डबा भरवला.

त्या रात्री मामांचा मुलगा घरी आला तेव्हा मामा जागेच होते. त्यांनी रागावून काही म्हटलं नाही. ट्रंक उघडायला लावली, चौथी वही काढायला सांगितली. मामींनी पान काढून दिलं. १९९१ सालची नोंद होती : “पावसाचा सीन. जोड खाली होता. पाणी आलं. वाचलो. जोड खुर्चीवर ठेवायचा, वर प्लास्टिक बांधायचं. पाणी सोडायच्या आधी सगळे जोड एकाने फिरून बघायचे.”

मुलाने ते पान दोनदा वाचलं. मग म्हणाला, “आई, हे आपल्या घरातच होतं गं.”

मामी म्हणाल्या, “होतं. पण ट्रंकेत होतं.”

वाचकहो, या दोन शब्दांनी आम्ही अंतर्मुख झालो. लिहून ठेवलेलं ज्ञान ट्रंकेत राहिलं तर ते कुणालाही वाचवत नाही. ते काढून वाचावं लागतं, दुसऱ्याला वाचून दाखवावं लागतं.

असे अपघात फक्त लहान कामांवर होतात असंही नाही. १९ फेब्रुवारी २०२० रोजी चेन्नईजवळ ‘इंडियन २’ या मोठ्या खर्चाच्या चित्रपटाच्या सेटवर दिव्यांसाठी वापरलेली क्रेन कोसळली आणि तीन जण जागीच दगावले. त्यांची घरं आपल्यासारखीच. सिनेमा पुढे पूर्ण झाला, पडद्यावर आला. गेलेली माणसं आली नाहीत.

रविवारची बैठक

त्या रात्रीनंतर मामांच्या खोलीत एक नवी रीत सुरू झाली. ज्या रविवारी सुट्टी असेल त्या रविवारी सकाळी मुलाच्या हाताखालची सगळी मुलं येतात. मामी चहा टाकतात. एक जण जुन्या वहीतलं एक पान मोठ्याने वाचतो. मग गेल्या आठवड्यात कामावर काय झालं ते प्रत्येक जण सांगतो. नियम एकच, चूक सांगणाऱ्याला कुणी हसायचं नाही आणि चूक कुणाची हे विचारायचं नाही. काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय करायचं, एवढंच बोलायचं. मुलगा आम्हाला म्हणाला, “भाऊ, ओरडा बसला की पोरं चूक लपवतात. लपवलेली चूक दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला शॉक देते.”

हाताला भाजलेला तो मुलगाही येतो. बरा होऊन तो पुन्हा कामाला लागला आहे. पावसाचा सीन असला की पाणी सोडण्याआधी सगळे जोड फिरून बघायचं काम तो स्वतःकडे मागून घेतो.

या बैठकीचा फायदा काय झाला, तेही सांगतो. एका गाण्याच्या शूटिंगला नवे, स्वस्तातले एल.ई.डी. पट्टे आले होते. डोळ्याला ते झकास दिसत होते. पण मुलाला वहीतलं जुनं पान आठवलं. पूर्वी एच.एम.आय. दिवे नवीन आले तेव्हा पडद्यावर उजेड थरथरताना दिसला होता. आपली वीज ५० सायकलची, त्यामुळे तसा दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. आपल्या डोळ्याला ते कळत नाही, पण सेकंदाला २४ चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्याला कळतं, दोघांचा मेळ बसवावा लागतो. मामींनी त्या पानाखाली लिहिलं होतं : “नवा दिवा आला की आधी कॅमेऱ्यातून बघून घ्यायचा, मग लावायचा.” मुलाने कॅमेरावाल्यांना विनंती केली. बघितलं तर काय, पट्टे मंद केले की पडद्यावर काळ्या रेघा सरकत होत्या! वेळीच दिवे बदलले. पन्नास नाचणारी माणसं आणि एक अख्खी पाळी वाचली. कॅमेरामनने विचारलं, “तुला कसं कळलं?” तो म्हणाला, “आईने लिहून ठेवलं होतं.”

दिवा बदलला, पण सवय तीच कामाला आली. जुन्या वहीत नव्या दिव्याचं नाव नसतं, तरी नव्या दिव्याकडे कसं बघायचं ते असतं.

आपणही वही घालावी

या मुलांनी आता जी वही चालवली आहे, तिच्यात काय लिहायचं ते त्यांनी ठरवून घेतलं आहे. लाईटच्या कामावर असलेल्या आमच्या बांधवांसाठी ते इथे देतो.

१. तारीख, जागा, आतला सीन की बाहेरचा, दिवसाचा की रात्रीचा.
२. कोणता दिवा कुठे होता याचं साधं चित्र. माणूस म्हणजे गोल, दिवा म्हणजे चौकोन, कॅमेरा म्हणजे त्रिकोण. चित्रकला यायची गरज नाही.
३. प्रत्येक दिव्याची उंची आणि अंतर, फुटांत. पावलं माणसागणिक बदलतात, म्हणून आता टेप वापरतात.
४. पुढे लावलेला कागद किंवा कापड. साध्या पिवळ्या दिव्याचा रंग ३२०० केल्व्हिन आणि दिवसाच्या उजेडाचा सुमारे ५६००, हे दोन आकडे पाठ असावेत, म्हणजे निळा कागद कधी आणि पिवळा कधी हे चुकत नाही.
५. एकूण वीज किती खेचली आणि कोणत्या लाईनवर किती.
६. वर टांगलेल्या प्रत्येक दिव्याला साखळी होती का, प्रत्येक स्टँडच्या पायावर रेतीची पिशवी होती का, अर्थिंग तपासलं का, कुणी तपासलं.
७. आज काय चुकलं आणि पुढच्या वेळी काय करायचं.

मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे. दिवे काढण्याआधी एक फोटो काढला तर अर्धं काम होतं. पण मुलं सांगतात की नुसता फोटो पुरत नाही. फोटोत दिवा दिसतो, तो तिथे का ठेवला ते दिसत नाही. ते लिहावंच लागतं. आणि कामाच्या ठिकाणी फोटो काढायची मुभा आहे का, हे आधी विचारून घ्यावं. काही ठिकाणी मनाई असते.

आमच्या भगिनींनाही दोन शब्द. घरधनी किंवा मुलगा कामावरून थकून येतो, तेव्हा ‘पगार कधी होणार’ याच्या जोडीला ‘आज काय नवीन शिकलात’ हेही एकदा विचारून पाहा. तो लाईटमन असो, वायरमन असो, गवंडी असो की रिक्षा चालवणारा. सांगणाऱ्याला लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहा, नाहीतर शाळेतल्या मुलीला लिहायला बसवा. तिचंही अक्षर सुधारेल आणि बापाच्या कामाची किंमतही तिला कळेल.

मामांची नात आता अकरावीला आहे. जुन्या वह्या ती नव्या वहीत नीट उतरवून काढते आहे. तिला कॅमेरा शिकायचा आहे. पुण्याला जिथे एके काळी प्रभात स्टुडिओ होता, त्याच जागेवर १९६० पासून सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आधी पदवी घ्यायची आणि मग तिथली प्रवेश परीक्षा द्यायची, असं तिने ठरवलं आहे. वस्तीतल्या एकाने तिला विचारलं, “पोरीच्या जातीला जमेल का हे?” तिने उत्तर दिलं की, बी. आर. विजयालक्ष्मी या बाईंनी १९८५ सालीच तमिळ चित्रपटाचा कॅमेरा स्वतंत्रपणे सांभाळला होता. विचारणारा गप्प बसला. मामी मात्र हसल्या आणि म्हणाल्या, “ही वाचते, म्हणून हिला उत्तर देता येतं.”

आम्ही निघालो तेव्हा खोलीतली ट्यूब चालू होती आणि तिच्याखाली नात नवव्या वहीचं पान उतरवत होती. मामांनी तिला हाक मारली. “बाळ, सावली वहीवर पडतेय. ट्यूब डाव्या अंगाला येईल अशी बस.” ती सरकून बसली. अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर उजेड पाडणाऱ्या माणसाने आपल्या नातीच्या वहीवरचा उजेड सारखा करून दिला.

वाचकहो, पुढच्या वेळी सिनेमा संपला की लगेच टी.व्ही. बंद करू नका. शेवटी नावं सरकतात, त्यांत लाईटवाल्यांची नावं कुठे येतात का ते मुलांना शोधायला सांगा. आणि तुमच्या घरात असा कुणी असेल, तर त्याच्यासाठी आजच एक दोनशे पानी वही आणून ठेवा. मात्र ती ट्रंकेत ठेवू नका.